प्रत्युत्तराची समीक्षा : बॉबी जिंदल यांचे २००९ चे भाषण आणि त्यावरील लोकप्रतिक्रिया

१. प्रास्ताविक

अमेरिकेच्या राज्यघटनेतील दुसऱ्या अनुच्छेदाने राष्ट्राध्यक्षांवर एक जबाबदारी टाकली आहे. देशाच्या स्थितीची माहिती त्यांनी काँग्रेसला, म्हणजे तेथील संसदेला, वेळोवेळी द्यावयाची असते. या तरतुदीतून दरवर्षीचे अभिभाषण रूढ झाले. विरोधी पक्षाने त्याला उत्तर द्यावे असे मात्र घटनेत कोठेही म्हटलेले नाही. १९६५ मध्ये लिंडन जॉन्सन यांनी हे अभिभाषण अधिकाधिक लोकांना दूरचित्रवाणीवर पाहता यावे म्हणून रात्रीच्या वेळी केले आणि पुढच्याच वर्षी सिनेटर एव्हरेट डर्कसन व प्रतिनिधी जेराल्ड फोर्ड या रिपब्लिकन नेत्यांनी दूरचित्रवाणीवरून त्याला पहिले उत्तर दिले. प्रत्युत्तराची प्रथा ही अशा रीतीने कायद्याचे नव्हे, तर माध्यमाचे अपत्य होय. तिचे बळ आणि तिचे दौर्बल्य या दोहोंचा उगम याच एका गोष्टीत आहे.

प्रस्तुत लेखात २४ फेब्रुवारी २००९ रोजी लुइझियाना राज्याचे गव्हर्नर बॉबी जिंदल यांनी रिपब्लिकन पक्षाच्या वतीने केलेले भाषण आणि त्यावर उमटलेल्या प्रतिक्रिया यांचा विचार केला आहे. हे भाषण फसले, याविषयी त्या वेळी विलक्षण एकमत झाले होते. परंतु ते का फसले, या प्रश्नाचे जे उत्तर सर्वाधिक लोकप्रिय झाले ते अपुरे होते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. लोक वक्त्याच्या आवाजावर हसले. दोष मात्र त्याच्या युक्तिवादात होता. हसण्यामुळे वक्ता घायाळ झाला, पण युक्तिवाद मोकळा सुटला. हा अनुभव केवळ अमेरिकेपुरता मर्यादित नसल्याने आपल्याकडील अध्यापकांनीही त्याची दखल घेणे उचित ठरेल.

२. प्रसंग आणि भाषण

बराक ओबामा यांना अध्यक्षपदाची सूत्रे हाती घेऊन त्या दिवशी जेमतेम पाच आठवडे झाले होते. त्यांचे त्या रात्रीचे भाषण तांत्रिक दृष्ट्या वार्षिक अभिभाषण नव्हते. नव्या अध्यक्षाने संसदेच्या संयुक्त बैठकीसमोर केलेले ते भाषण होते. परंतु त्याचे स्वरूप तेच होते आणि विरोधकांच्या उत्तराची प्रथाही तीच पाळली गेली. आर्थिक मंदी गडद झाली होती. ७८७ अब्ज डॉलरच्या आर्थिक उत्तेजन विधेयकावर १७ फेब्रुवारी रोजी स्वाक्षरी झाली होती. प्रतिनिधिगृहातील एकाही रिपब्लिकन सदस्याने त्याला पाठिंबा दिला नव्हता. सिनेटमधील केवळ तिघांनी दिला होता. तेव्हा या विरोधाचे समर्थन देशासमोर करणे, हे त्या रात्रीच्या वक्त्याचे मुख्य कार्य होते.

वक्त्याची निवडही विचारपूर्वक झालेली होती. जिंदल ३७ वर्षांचे होते. भारतातून स्थलांतरित झालेल्या पंजाबी दांपत्याचे ते चिरंजीव आणि अमेरिकेतील राज्याचे गव्हर्नरपद मिळविणारे पहिले भारतीय वंशाचे गृहस्थ होते. पहिल्या कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्षाला उत्तर देण्यासाठी स्थलांतरितांचा हा बुद्धिमान पुत्र पक्षाने पुढे केला, यातील हेतू उघड होता.

भाषणाची जडणघडण साधी आहे. आरंभी ओबामांचे अभिनंदन आहे. त्यानंतर जिंदल यांच्या वडिलांची आठवण येते. किराणा मालाच्या दुकानातील भरलेल्या फळ्या पाहून ते मुलाला म्हणत की, अमेरिकी माणूस काहीही करू शकतो. हेच वाक्य पुढे भाषणाचे पालुपद होते. मग २००५ मधील कॅटरिना चक्रीवादळाचा एक प्रसंग, उत्तेजन विधेयकातील काही खर्चांवर टीका, आरोग्यसेवा, शिक्षण व ऊर्जा यांविषयी पक्षाची भूमिका आणि शेवटी आपल्या पक्षाच्या चुकांची कबुली, असा क्रम आहे. मर्यादित शासन व आर्थिक शिस्त यांसाठी लोकांनी रिपब्लिकनांना निवडून दिले होते, पक्षाने ती तत्त्वे सोडली आणि लोकांचा विश्वास गमावला, तो गमावणे रास्तच होते, अशा आशयाची ही कबुली आहे. संपूर्ण भाषणातील हा सर्वांत प्रामाणिक भाग. चर्चेत नेमकी त्यालाच सर्वांत कमी जागा मिळाली.

३. प्रतिक्रियांचे तीन थर

या भाषणावरील प्रतिक्रियांचे तीन थर सहज वेगळे करता येतात.

पहिला थर उपहासाचा. तो भाषणाच्या पहिल्या वाक्याआधीच सुरू झाला. बॅटन रूज येथील गव्हर्नरांच्या निवासस्थानातील दालनातून जिंदल कॅमेऱ्याकडे चालत येत असताना एका वृत्तवाहिनीवरील निवेदक ख्रिस मॅथ्यूज यांच्या तोंडून निघालेला ‘अरे देवा’ अशा अर्थाचा उद्गार प्रेक्षकांना स्पष्ट ऐकू गेला. आपला रोख त्या दृश्याच्या मांडणीवर होता, असे त्यांनी नंतर सांगितले. त्यानंतर जिंदल यांचा संथ, चढउतार ठरवून दिल्यासारखा वाटणारा स्वर, लहान मुलांना गोष्ट सांगावी तशी धाटणी आणि चेहऱ्यावरील कायमचे स्मित यांची थट्टा सुरू झाली. ‘थर्टी रॉक’ या विनोदी मालिकेतील केनेथ या भाबड्या सेवकाशी त्यांची तुलना झाली व तीच लोकांच्या स्मरणात राहिली.

दुसरा थर स्वपक्षीयांच्या टीकेचा. प्रसिद्ध स्तंभलेखक डेव्हिड ब्रूक्स हे स्वतः उजव्या विचारसरणीकडे झुकलेले. जिंदल यांच्या गुणवत्तेचा आदर व्यक्त करूनही त्यांनी त्याच रात्री सार्वजनिक दूरचित्रवाणीवर या भाषणाला पक्षाच्या दृष्टीने अनर्थकारक ठरविले. त्यांचा आक्षेप आवाजावर नव्हता. देश आर्थिक संकटात असताना ‘शासन हीच अडचण’ हे शिळे सूत्र पुन्हा आळवणे त्यांना अनाकलनीय वाटले. याउलट रश लिंबॉ या प्रभावी रेडिओ भाष्यकाराने जिंदल यांची पाठराखण केली. शैलीवरून आपल्याच माणसाला झोडपणाऱ्या स्वपक्षीयांना त्यांनी फटकारले. महत्त्व विचाराला आहे, शैलीला नाही, असा त्यांचा मुद्दा होता. विशेष म्हणजे परस्परविरोधी निष्कर्ष काढणारे हे दोघेही एका बाबतीत एकाच बाजूला होते. भाषणाचा निवाडा त्यातील विचारावरून व्हावा, हे दोघांनाही मान्य होते.

तिसरा थर तथ्यपडताळणीचा. कॅटरिनाच्या प्रसंगाविषयी आणि विधेयकातील खर्चांविषयी जिंदल यांनी जे सांगितले ते कितपत खरे, याचा शोध पत्रकारांनी पुढील काही दिवसांत घेतला. हा थर सर्वांत उपयुक्त होता. पण तो पुढे येईपर्यंत उपहासाने मैदान मारले होते.

४. दोष वक्त्याचा की प्रथेचा ?

उपहासात तथ्य नव्हते असे नाही. भाषणाची धाटणी प्रसंगाला शोभणारी नव्हती, हे मान्यच करावे लागेल. परंतु त्याचा केवढा भाग वक्त्याचा आणि केवढा प्रथेचा, हे तपासले पाहिजे.

राष्ट्राध्यक्ष भरगच्च सभागृहात बोलतात. प्रवेशापासूनच टाळ्या असतात. वाक्य संपले की प्रतिसाद मिळतो, त्या प्रतिसादातून वक्त्याला लय सापडते. त्यांच्यामागे उपराष्ट्राध्यक्ष व सभापती बसलेले असतात. उत्तर देणारा मात्र एका खोलीत, एका कॅमेऱ्यासमोर, एकटा उभा असतो. त्याच्या विनोदाला हसणारा कोणी नसतो, विरामाला भरून काढणारी टाळी नसते. शिवाय त्याचे उत्तर हे खरे उत्तर नसतेच. जे भाषण अजून झालेले नाही त्याचा प्रतिवाद त्याने आधीच लिहून ठेवलेला असतो. त्याला बोलता येते, पण ऐकून उत्तर देता येत नाही.

या विषमतेची जाणीव पक्षांनाही आहे. १९९५ मध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नर ख्रिस्टीन टॉड व्हिटमन यांनी आपल्या राज्याच्या विधानसभागृहातून उत्तर दिले. जिंदल यांच्यानंतरच्या वर्षी, २०१० मध्ये, व्हर्जिनियाचे गव्हर्नर बॉब मॅक्डॉनेल यांनीही आपल्या राज्याच्या प्रतिनिधिगृहात श्रोत्यांसमोर भाषण केले आणि त्यांना टाळ्याही मिळाल्या. म्हणजे २००९ च्या अपयशातून पक्षाने काही धडा घेतला असेल, तर तो प्रामुख्याने रंगमंचाविषयीचा दिसतो. संहितेविषयीचा धडा बाजूलाच राहिला.

५. आख्यान आणि सिद्धान्त

आता संहितेकडे वळू. जिंदल यांच्या भाषणाचा कणा म्हणजे कॅटरिनाचा प्रसंग. जेफरसन परगण्याचे शेरीफ हॅरी ली हे डेमोक्रॅटिक पक्षाचे, पण जिंदल यांचे मित्र. जिंदल त्यांच्या तात्पुरत्या कार्यालयात गेले तेव्हा ली दूरध्वनीवर संतापून ओरडत होते. पुरामुळे छपरांवर अडकलेल्या लोकांना सोडविण्यासाठी स्वयंसेवक आपापल्या बोटी घेऊन सज्ज होते आणि कोणी एक सरकारी बाबू विमा व नोंदणीची कागदपत्रे मागत होता. ली यांनी त्याला जुमानले नाही. अटक करायची तर मला करा, असे त्यांनी बजावले. तेव्हा संसद सदस्य असलेल्या जिंदल यांचेही नाव त्यात जोडले. या प्रसंगावरून जिंदल असा निष्कर्ष काढतात की, अमेरिकेचे सामर्थ्य शासनात नाही, ते नागरिकांच्या अंतःकरणात आहे.

आपल्याकडील कीर्तनपरंपरेचा दाखला येथे उपयोगी पडतो. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात सिद्धान्ताचे निरूपण होते आणि उत्तररंगात आख्यान लावले जाते. आख्यान कितीही रंगले, तरी त्याने पूर्वरंगातील सिद्धान्त सिद्ध केला पाहिजे. नाहीतर जाणते श्रोते ‘आख्यान जुळले नाही’ असेच म्हणतात. जिंदल यांचे आख्यान या कसोटीला उतरत नाही.

याची कारणे तीन आहेत. एक, शेरीफ हा लोकनियुक्त शासकीय अधिकारी असतो. बोटींसाठी आवाहन करणारा अधिकारी आणि त्याच्या पाठीशी उभा राहिलेला संसद सदस्य हे दोघेही शासनाचेच घटक होते. ही गोष्ट शासन नको असे सांगत नाही. शासनात विवेक असलेली माणसे हवीत असे सांगते. दोन, कॅटरिनाच्या वेळी केंद्रीय यंत्रणा कमी पडली हे खरे. पण ती यंत्रणा रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांच्या हाताखाली होती. आणि देशाला त्या वेळी जाणवली होती ती शासनाची अनुपस्थिती, त्याचा अतिरेक नव्हे. तीन, काही दिवसांत जिंदल यांच्या कार्यालयालाच खुलासा करावा लागला की, त्यांनी ऐकलेले ते संभाषण ऐन बचावकार्याच्या क्षणीचे नव्हते. काही दिवसांनंतर, घडून गेलेल्या प्रसंगाविषयी ली दूरध्वनीवर बोलत असताना ते झाले होते. प्रसंग खोटा ठरला नाही. पण वक्ता त्या निर्णायक क्षणी तेथे होता, असा जो समज श्रोत्यांचा झाला तो टिकला नाही.

शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, परंतु शीत त्याच भांड्यातले असावे लागते.

६. ज्वालामुखीचा उल्लेख

भाषणातील दुसरे दुबळे स्थळ म्हणजे उधळपट्टीची उदाहरणे. लास व्हेगास ते डिस्नेलँड अशा चुंबकीय रेल्वेमार्गाचा उल्लेख जिंदल यांनी केला. वास्तविक कायद्यात वेगवान रेल्वेसाठी आठ अब्ज डॉलरची तरतूद होती. अशा विशिष्ट मार्गासाठी ती राखून ठेवलेली नव्हती. त्यानंतर ‘ज्वालामुखींवर देखरेख’ नावाच्या कसल्याशा गोष्टीसाठी १४ कोटी डॉलर, असे ते तुच्छतेच्या स्वरात म्हणाले. ही रक्कम भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या अनेक कामांसाठी होती आणि ज्वालामुखींची देखरेख हे त्यांपैकी एक काम होते.

परंतु आकड्यांच्या चुकीपेक्षा त्यामागील दृष्टी अधिक विचारणीय आहे. अलास्कातील रिडाउट या ज्वालामुखीच्या हालचाली वाढल्यामुळे जानेवारी २००९ पासूनच शास्त्रज्ञ सावध होते. याच ज्वालामुखीच्या राखेत सापडून १५ डिसेंबर १९८९ रोजी केएलएम कंपनीच्या प्रवासी विमानाची चारही इंजिने बंद पडली होती; वैमानिकांनी ती पुन्हा सुरू करून विमान अँकरेज येथे सुखरूप उतरविले. देखरेख कशासाठी, याचे उत्तर या घटनेत आहे. जिंदल यांच्या भाषणानंतर महिना उलटायच्या आत, २२ मार्च २००९ रोजी, रिडाउटचा उद्रेक झाला.

या योगायोगावरही लोक हसले. पण योगायोग वगळला तरी आक्षेप उरतोच. चक्रीवादळाचा पूर्वइशारा किती मोलाचा, हे लुइझियानाच्या गव्हर्नरांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती. आपल्या किनाऱ्यावरील आपत्तीचे भांडवल करावे आणि दुसऱ्याच्या डोंगरातील आपत्तीची थट्टा करावी, ही विसंगती भाषणाच्या मुळाशी आहे. ती केनेथशी केलेल्या तुलनेतून कधीच हाती लागली नसती. हेच भाषण एखाद्या कसलेल्या नटाने केले असते, तर कदाचित हा सारा युक्तिवाद टाळ्या घेऊन गेला असता. हीच खरी चिंतेची बाब आहे.

७. आधीची आणि नंतरची उदाहरणे

प्रत्युत्तराचे भाषण फसतेच, असा एक समज या प्रसंगांनंतर रूढ झाला. तो खरा नाही. २३ जानेवारी २००७ रोजी डेमोक्रॅटिक सिनेटर जिम वेब यांनी दिलेले उत्तर चांगले गाजले. त्यांनी अर्थव्यवस्था आणि इराक युद्ध हे दोनच विषय घेतले. सैन्यात असलेल्या आपल्या वडिलांचे जुने छायाचित्र त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरले. स्वतः ते व्हिएतनाममध्ये लढलेले आणि त्यांचा मुलगा तेव्हा इराकमध्ये. सैनिक आपले प्राण नेतृत्वाच्या निर्णयबुद्धीवर सोपवितात, म्हणून नेतृत्वाने त्या विश्वासाला पात्र ठरले पाहिजे, हा त्यांचा सिद्धान्त. आणि घरातील छायाचित्र हे त्याचे आख्यान. येथे आख्यान जुळले. खोली तीच, कॅमेरा तोच, टाळ्यांचा अभावही तोच. तरीही भाषण उभे राहिले.

याउलट १२ फेब्रुवारी २०१३ रोजी सिनेटर मार्को रुबियो यांनी बोलता बोलता वाकून पाण्याची छोटी बाटली उचलली आणि घोट घेतला. त्यांच्या भाषणात काय होते, हे आज फार थोड्यांना आठवते. घोट मात्र सर्वांना आठवतो. रुबियो यांच्या राजकीय समितीने पुढे बाटल्याच विक्रीला काढून थट्टेचा निधी केला आणि २०२५ मध्ये रुबियो परराष्ट्रमंत्री झाले. म्हणजे अशा उपहासाने कोणाचे राजकीय भवितव्य कायमचे ठरते असेही नाही. जिंदल यांनीही पुढे आपल्या त्या भाषणाची स्वतःच थट्टा केली; २०१५ मध्ये त्यांनी अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी प्रयत्न केला व त्याच वर्षी माघार घेतली.

७ मार्च २०२४ रोजी सिनेटर केटी ब्रिट यांनी आपल्या घरच्या स्वयंपाकघरातून दिलेले उत्तर हे जिंदल प्रकरणाचेच नवे रूप होय. त्यांच्या कुजबुजत्या, नाट्यपूर्ण स्वराची नक्कल दोनच दिवसांत स्कार्लेट जोहान्सन या अभिनेत्रीने दूरचित्रवाणीवर केली. परंतु याही वेळी गंभीर दोष आख्यानात होता. अत्याचार सोसलेल्या एका स्त्रीची कहाणी ब्रिट यांनी जो बायडेन यांच्या सीमाधोरणाच्या संदर्भात सांगितली. त्या घटना प्रत्यक्षात २००४ ते २००८ या काळात, मेक्सिकोत घडलेल्या होत्या. या वेळी पडताळणी लवकर झाली आणि नकलेच्या बरोबरीने ती लोकांपर्यंत पोहोचली. पंधरा वर्षांत एवढी प्रगती झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

८. आपल्या संदर्भात

भारताची व्यवस्था या बाबतीत वेगळी आहे. संविधानाच्या अनुच्छेद ८७ नुसार राष्ट्रपतींचे अभिभाषण होते आणि त्यातील विषयांवर चर्चेसाठी सभागृहाने वेळ राखून ठेवावयाचा असतो. राज्यांत राज्यपालांच्या अभिभाषणासाठी अनुच्छेद १७६ मध्ये तशीच तरतूद आहे. आभारप्रस्तावावरील चर्चा हेच आपल्याकडील प्रत्युत्तर. ते एका व्यक्तीचे नसते, ऐकल्यानंतर दिलेले असते आणि त्याला दुरुस्तीचे शस्त्र असते. २०१५ व २०१६ अशी लागोपाठ दोन वर्षे राज्यसभेत विरोधकांची दुरुस्ती आभारप्रस्तावावर संमत झाली होती. अमेरिकेतील प्रत्युत्तराला अशी धार नाही.

मात्र पंतप्रधान दूरचित्रवाणीवरून थेट राष्ट्राला उद्देशून बोलतात, जसे ८ नोव्हेंबर २०१६ रोजी नोटाबंदीच्या वेळी बोलले, तेव्हा विरोधी पक्षाने त्याच व्यासपीठावरून लगेच उत्तर देण्याची प्रथा आपल्याकडे रुजलेली नाही. आणि सभागृहातील उत्तरही आता बहुसंख्य नागरिकांपर्यंत पोहोचते ते अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांतून. कोणाची जीभ घसरली, कोणाचा कागद हरवला, कोणी कोणाला मिठी मारली, यांवर चर्चा आटोपते. व्यवस्था वेगळी असली तरी श्रोत्याची सवय एकच होत चालली आहे.

९. समारोप

विरोधी पक्षाचे उत्तर ही सत्ताधाऱ्यांच्या निवेदनाची पहिली जाहीर तपासणी असते. ती तपासणी सदोष असेल, तर तिचाही समाचार घेतला पाहिजे. परंतु तो घेताना कसोटी योग्य हवी. जिंदल यांच्या भाषणावर हसणाऱ्यांनी त्यांच्यावर अन्याय केला, एवढाच हा मुद्दा नाही. त्यांनी त्यांना सवलतही दिली. आवाज सुधारता येतो, मंच बदलता येतो. चुकीचा दाखला आणि हलक्या हाताने उडविलेले विज्ञान यांचा जाब मात्र कोणीतरी विचारावा लागतो. आणि ज्या एका वाक्यात विरोधकाने स्वतःच्या पक्षाची चूक देशासमोर मान्य केली, त्या वाक्याला दाद द्यायलाही हसणाऱ्यांना सवड मिळाली नाही.

भाषा, राज्यशास्त्र आणि इतिहास या तिन्ही विषयांच्या वर्गात येथे काम करण्यास वाव आहे. विद्यार्थ्यांना असे एखादे भाषण प्रथम केवळ लिखित स्वरूपात द्यावे. त्यातील सिद्धान्त कोणता, आख्यान कोणते आणि ते परस्परांना जुळते काय, हे त्यांनी वहीत मांडावे. ध्वनिचित्रफीत त्यानंतर दाखवावी. हसू येईल तेव्हा येईलच. पण कशावर हसावयाचे हे तोवर त्यांना कळलेले असेल.